कानातली शिट्टी आणि लसणाचं तेल

गणपती विसर्जन झालं की नाशकात ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या घरी लसूण घालून तेल कढवलं जातं. 'कान वाजतोय? वात शिरलाय आत, टाक चार थेंब!' पंचवटीतली आजी हेच सांगते आणि सातपूरच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमधला जुना कामगारही. सल्ला मायेचा, पण चुकीचा.

तेल पडद्याशीच थांबतं. बिघाड बहुधा त्याच्या पलीकडे, अंतर्कर्णात असतो. तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून संदेश कमी आले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि नसलेला आवाज ऐकू येतो, असं मानलं जातं. पडद्याला भोक असेल तर तेलाने वर जंतुसंसर्गाचा धोका. कधी नुसता मळही कारण असतो, पण तो डॉक्टरांनी काढावा. स्कूटरची किल्ली त्यासाठी नाही.

'आता आयुष्यभर सोसा' हेही अर्धंच खरं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते. रात्री पंखा चालू ठेवा, कारण शांततेत ती जास्त जाणवते. समुपदेशनाने आवाज राहिला तरी त्याचा जाच कमी होतो. आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल तर तपासणी हवीच. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, तेलाची वाटी राहू द्या.