सुपारीची वाडी आणि हेक्टरी मदत

बंगालच्या उपसागराला चक्रीवादळे नवी नाहीत. 1999 च्या ओडिशातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 मध्ये तिथेच फायलीन धडकले तेव्हा लाखोंना आधीच हलवले होते, म्हणून मृतांची संख्या काही दहांवर थांबली. कोकणात मात्र वादळ म्हणजे गुजरातकडे निघून जाणारे संकट, अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. नोव्हेंबर 2009 मधल्या फयान वादळाने मच्छीमारांचा जीव घेतला, तरी ती फार बदलली नाही.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर चढले आणि ती समजूत संपली. इशारा वेळेत मिळाला होता, किनाऱ्यालगतची माणसे हलवली होती. जीव वाचले, पण वाड्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, झोपल्या. सुपारी मधोमध मोडली, नारळ मुळासकट पडले. सुपारीच्या आधाराने चढणारी मिरी आणि तिच्या सावलीत वाढणारे जायफळ उघड्यावर पडले. पडलेली झाडे तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीच पहिल्या महिन्यात अनेकांना झेपली नाही.

मग सुरू झाला मदतीचा वाद, आणि खरी गाठ तिथेच आहे. बहुवार्षिक पिकांसाठी केंद्राचा निकष तेव्हा हेक्टरी 18 हजारांचा होता, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्याने तो 50 हजारांवर नेला. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण श्रीवर्धन, मुरूडकडची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. पाच गुंठ्यांची अख्खी वाडी गेली तर हातात 2,500. त्याच पाच गुंठ्यांत सुपारीची साठ-सत्तर झाडे, कडेने नारळ आणि खाली मसाल्याची पिके, असे तीन थरांचे उत्पन्न असते. एकाच पिकाच्या सलग शेतासाठी आखलेले माप इथे लावणे मुळातच चुकीचे होते. झाडे मोजून मदत द्या, ही बागायतदारांची मागणी रास्तच होती.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनारा घासत गुजरातकडे गेले. त्यानंतरच्या मदतीत झाडाचा हिशेब होता : नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. सत्तर सुपाऱ्या आणि आठ नारळ गेले तर 5,500. आधीच्या दुपटीहून जास्त, हे मान्य. पण सुपारीचे रोप धरायला लागायला सहा-सात वर्षे जातात, तोवरच्या बुडालेल्या उत्पन्नाचा विचार या दरात कुठेच नाही.

दुसरा अडसर सातबाऱ्याचा. वाडी सामाईक खात्यावर, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि पैसे एकाच्या बँक खात्यात जमा व्हायचे तर बाकीच्यांचे संमतीपत्र हवे. निसर्गच्या वेळी टाळेबंदीत या सह्या गोळा करता करता लोक मेटाकुटीला आले.

दरम्यान केंद्राच्या चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. त्यातून अलिबागमध्ये वीजवाहिन्या जमिनीखाली गेल्या. याची गरज श्रीवर्धनकरांना सांगावी लागत नाही. निसर्गनंतर तिथल्या कित्येक गावांनी पडलेले खांब उभे राहायची वाट पाहत पावसाळ्याचे पहिले आठवडे अंधारात काढले. मात्र मदतीचे वाढीव दर प्रत्येक वादळानंतर नव्या शासन निर्णयाने ठरतात. वाडीसाठी कायमचा, झाडाचे वय धरणारा दर अजून झालेला नाही, आणि सामाईक खात्याची अट आजही सुटलेली नाही.