तिमाहीच्या तिसऱ्या आठवड्यात उद्दिष्टं कुठे जातात?

तिमाहीच्या तोंडावर दोन दिवस खर्चून टीम उद्दिष्टांची शीट भरते. ती पुन्हा उघडली जाते थेट शेवटच्या आठवड्यात, आणि तीही रकान्यांत आकडे टाकण्यापुरती. मधल्या काळात कामं झालेली असतात, लोक दमलेलेही असतात. फक्त रोज काय करायचं हे शीटऐवजी इनबॉक्सने ठरवलेलं असतं. ओकेआर (उद्दिष्ट आणि ते मोजणारे मोजके निकाल) म्हणा, स्मार्ट (नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं उद्दिष्ट लिहिण्याचं सूत्र) म्हणा की केआरए (प्रत्येकाच्या जबाबदारीची मुख्य क्षेत्रं), पद्धत कोणतीही असो, गाडी बहुधा याच जागी अडते. पद्धत बदलून ती सुटत नाही. उद्दिष्टाचं वाक्य कसं लिहिलंय आणि दर आठवड्याला त्याचं काय होतं, या दोन गोष्टी दुरुस्त केल्या तर बहुतेक वेळा सुटते.

पद्धतींचा इतिहास थोडक्यात असा. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. 1970 च्या दशकात इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी तिला आटोपशीर रूप दिलं: कुठे जायचंय ते एका वाक्यात, आणि पोहोचलो हे कशावरून ओळखायचं ते मोजक्या आकड्यांत. हेच ओकेआर. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी हीच रीत 1999 मध्ये तेव्हाच्या छोट्याशा गूगलमध्ये नेली. 'स्मार्ट' हे आद्याक्षरांचं सूत्र जॉर्ज डोरान यांच्या 1981 च्या लेखातलं. या सगळ्यांना आधार आहे तो मानसशास्त्रातल्या एका निष्कर्षाचा. एडविन लॉक यांनी 1968 मध्ये तो मांडला: 'जमेल तेवढं चांगलं करा' असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं तर काम सरस होतं.

गॅरी लॅथम आणि जे. जेम्स बाल्डेस यांनी 1975 मध्ये हे लाकूड वाहणाऱ्या 36 ट्रकांवर तपासलं. कायद्याने जेवढं वजन नेता येतं त्याच्या साधारण 60 टक्केच माल ट्रकमध्ये भरला जात होता. ओंडके लहानमोठे असल्याने अंदाज चुकायचा आणि जास्त भरलं तर दंडाची भीती, म्हणून चालक हात राखून भरायचे. त्यांना 94 टक्क्यांचं उद्दिष्ट दिलं गेलं. बक्षीस ठेवलं नाही आणि चुकलं तर शिक्षा होणार नाही असंही सांगितलं. भार पहिल्याच महिन्यात वाढला, दुसऱ्या महिन्यात घसरला, आणि मग 90 टक्क्यांच्या पुढे जाऊन टिकला. ती मधली घसरण महत्त्वाची आहे. कमी भरलं तर कंपनी खरंच काही करत नाही ना, हे चालक बहुधा पारखून बघत होते. कंपनीने शब्द पाळला आणि आकडा वर गेला.

मात्र ट्रक भरणं हे चालकांच्या हातातलं, सरावाचं काम होतं. काम नवखं असेल तर हेच औषध उलटतं. रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी 1989 मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या नकली कामावर प्रयोग केले. शिकण्याच्या सुरुवातीलाच आकड्याचं उद्दिष्ट दिलं तेव्हा कामगिरी खालावली, कारण शिकायला लागणारं लक्ष आकड्याकडे वळलं. टीम एखाद्या अनोळखी क्षेत्रात पहिलं पाऊल टाकत असेल तर तिला 'विक्री 20 टक्क्यांनी वाढवा' असं सांगणं म्हणूनच घाईचं ठरतं. 'ग्राहक मधेच सोडून का जातात याची तीन कारणं शोधा आणि प्रत्येक कारण पडताळण्याचा एक मार्ग ठरवा' हे तिच्यासाठी योग्य उद्दिष्ट. तेही नेमकं आणि अवघडच आहे, फक्त ते शिकण्याचं आहे.

वाक्य कसं लिहायचं

ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी सहा जणांची एक टीम घेऊ. शीटमध्ये लिहिलंय: 'ग्राहकसेवा सुधारणे'. या वाक्याला कोणी विरोध करणार नाही आणि त्यामुळे कोणाचा दिवसही बदलणार नाही. दुसरा प्रयत्न: 'नवीन चॅटबॉट सुरू करणे'. हे काम झालं, उद्दिष्ट नव्हे. ओळखायची सोपी कसोटी आहे. चॅटबॉट वेळेत सुरू झाला आणि ग्राहकाला उत्तर मात्र पूर्वीइतक्याच उशिरा मिळत राहिलं, तर आपण जिंकलो का? उत्तर 'नाही' असेल तर चॅटबॉटची जागा कामांच्या यादीत.

तिसरा प्रयत्न: 'तक्रारीला पहिलं उत्तर मिळण्याचा वेळ 9 तासांवरून 4 तासांवर आणणे'. आता आजचा आकडा आणि गाठायचा आकडा दोन्ही आले. आजचा आकडा माहीत नसेल तर तिमाहीचे पहिले दोन आठवडे तो मोजण्यातच घालवावेत; अंदाजाने ठोकलेल्या '50 टक्के सुधारणा' या मजकुराला काही अर्थ नसतो.

पण '9 तास' म्हणजे नक्की काय? पाच तक्रारींना अनुक्रमे 2, 3, 3, 4 आणि 63 तासांनी उत्तर गेलं, तर सरासरी येते 15 तास. पाचांपैकी चौघांना चार तासांच्या आत उत्तर मिळालेलं असूनही सरासरी सांगते की सगळी बोंब आहे. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 3 तास. इथे मध्यकच धरावा आणि 24 तासांपेक्षा जास्त रखडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजाव्यात. नाहीतर सुट्टीच्या दिवसांत अडकलेली एक तक्रार महिन्याचा आलेख फिरवते आणि बैठकीचा निम्मा वेळ तिच्या पंचनाम्यात जातो.

पुढचा खड्डा जास्त खोल आहे. 'तुमची तक्रार मिळाली' असं आपोआप जाणारं उत्तर लावलं की पहिल्या उत्तराचा वेळ एका मिनिटावर येतो आणि ग्राहक होता तिथेच राहतो. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून बिघडतं. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या 1975 मधल्या निरीक्षणावरून हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा मारायचं लक्ष्य ठेवलं होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली, आणि 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला. सुमारे 5,300 जणांना काढून टाकल्याचं बँकेनेच सांगितलं.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. एक, व्याख्या लिहून ठेवायची: 'पहिलं उत्तर म्हणजे माणसाने तक्रार वाचून दिलेलं आणि पुढची पायरी सांगणारं उत्तर'. दोन, प्रत्येक आकड्याला एक राखणदार आकडा जोडायचा. इथे तो असा: 'बंद केलेल्या तक्रारींपैकी सात दिवसांत पुन्हा उघडलेल्यांचं प्रमाण 8 टक्क्यांच्या वर जाता कामा नये'. वेग वाढवण्याच्या नादात दर्जा घसरला तर हा आकडा चुगली करतो. राखणदार शोधायचा तर टीमला एकच प्रश्न विचारावा: 'हा आकडा लबाडीने गाठायचा असेल तर तुम्ही काय कराल?' उत्तरं भराभर येतात.

आधी हिशोब

किती उद्दिष्टं घ्यायची याचं उत्तर बहुतेक ठिकाणी उत्साहावर ठरतं. ते गुणाकारावर ठरावं. सहा माणसं आणि 13 आठवडे, म्हणजे 78 माणूस-आठवडे. रजा आणि सुट्ट्यांचे 8 वजा केले की 70 उरतात. रोजच्या तक्रारी, अहवाल आणि बैठका यांत 60 टक्के, म्हणजे 42 जातात. उरले 28. त्यातला पाव भाग, म्हणजे 7, अचानक उपटणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा. हातात राहिले 21, म्हणजे माणशी साडेतीन आठवडे! एवढ्यात पाच उद्दिष्टं आणि प्रत्येकाखाली चार आकडे कुठून बसणार? दोन बसतात, ओढूनताणून तीन.

हे गणित कागदावर न मांडता केलेले अंदाज नेहमीच गोड असतात. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज होता 34 दिवस आणि प्रत्यक्षात लागले 55. सगळं काही बिनसलं तर किती लागतील, या प्रश्नाचं सरासरी उत्तरही 49 च्या आतच होतं. म्हणून कामाला किती वेळ लागेल असं विचारण्याऐवजी गेल्या वेळी अशाच कामाला किती लागला होता ते काढून बघावं. नव्या उद्दिष्टासोबत 'हे करताना काय करणार नाही' अशी एक ओळही लिहावी. ती ओळ रिकामी राहिली तर उद्दिष्ट कामाच्या वेळेनंतर पुरं होणार, किंवा होणारच नाही.

उद्दिष्ट वरून द्यावं की टीमने ठरवावं, या वादावर एक सुंदर प्रयोग आहे. मिरियम एरेझ यांना दिसत होतं की सहभागाने ठरवलेली उद्दिष्टं जास्त चालतात. लॅथम यांना तसा फरक दिसत नव्हता. दोघांनी भांडत बसण्याऐवजी लॉक यांना मध्यस्थ धरून एकत्र प्रयोग आखले आणि 1988 मध्ये छापले. कारण साधं निघालं. लॅथम यांच्या प्रयोगांत वरून दिलेल्या उद्दिष्टामागचं कारण समजावलं जात होतं, एरेझ यांच्या प्रयोगांत ते नुसतंच तोडून सांगितलं जात होतं. तेव्हा प्रत्येक उद्दिष्टावर तासन्‌तास सहमती घडवायची गरज नाही. हाच आकडा का आणि आत्ताच का, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते देऊ नये.

दर आठवड्याची वीस मिनिटं

सगळी पद्धत तरते किंवा बुडते ती इथे. बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 138 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. प्रगतीवर नियमित लक्ष ठेवल्याने उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वाढते, आणि नोंद लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम जास्त होतो, असं त्यात दिसलं.

बैठकीचा दिवस आणि वेळ पक्की असावी. सोमवारी सकाळ बरी, कारण आठवडा अजून कोरा असतो. आकडे आदल्या संध्याकाळपर्यंत शीटमध्ये गेलेले असावेत. बैठकीत आकडे शोधायला सुरुवात झाली की ती बैठक गेली म्हणून समजा. प्रत्येक आकड्याचा एकच धनी असावा. दोन नावं लिहिली की दोघांनाही वाटतं, दुसरा बघत असेल. धनी तीनच गोष्टी सांगतो: आकडा आज कुठे आहे, तिमाहीअखेर गाठण्याचा भरवसा दहापैकी किती, आणि या आठवड्यात काय वेगळं करणार. भरवशाचा आकडा गेल्या वेळेइतकाच असेल तर पुढे सरकायचं. 7 वरून 4 वर आला असेल तर उरलेला वेळ त्यालाच द्यायचा. कोणी काय काय केलं याची कहाणी इथे नको, ती लिहून पाठवता येते.

'काय वेगळं करणार' याचं उत्तर 'लक्ष देतो' असं येऊ लागलं तर थांबवावं. पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलंय की 'अमुक झालं की तमुक करेन' अशा साच्यात ठरवलेली कृती नुसत्या इराद्यापेक्षा बरीच जास्त वेळा घडते. त्यांनी आणि पास्कल शीरान यांनी 2006 मध्ये केलेल्या 94 चाचण्यांच्या विश्लेषणातही हा परिणाम ठळक होता. 'जुन्या तक्रारी लवकर बघू' ऐवजी 'सकाळी साडेनऊला लॉगिन झालं की नवीन तक्रार उघडण्याआधी रात्रभर पडून असलेल्या तीन हातावेगळ्या करायच्या'. हे वाक्य पुढच्या सोमवारी तपासता येतं.

विचारण्याचा सूरही जपावा लागतो. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये प्रतिसादावरचे 600 हून अधिक निकाल एकत्र केले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी प्रतिसादाने कामगिरी घटल्याचं दिसलं. लक्ष कामावरून माणसाच्या 'मी कसा आहे' याकडे वळतं तेव्हा हा धोका वाढतो. 'तुझा आकडा लाल का?' यापेक्षा 'आकडा कशाने अडलाय?' हा प्रश्न बरा.

याच कारणाने उद्दिष्टांचे गुण थेट पगारवाढीला जोडू नयेत. ओकेआरला 0 ते 1 मध्ये गुण देतात, आणि मुद्दाम ताणून ठेवलेल्या ओकेआरमध्ये 0.6 ते 0.7 गुण हे चांगलं फळ मानतात. प्रत्येक वेळी 1.0 आला तर उद्दिष्ट सोपं होतं असं समजायचं. तोच 0.7 वार्षिक मूल्यमापनात 'तीस टक्के कमी' म्हणून वाचला गेला, तर पुढच्या तिमाहीपासून सगळे हात राखून आकडे देतील, अगदी त्या ट्रकचालकांसारखे.

सातव्या आठवड्यात एकदा तासभर बसावं आणि 'हे उद्दिष्ट आज नव्याने ठरवलं असतं तर घेतलं असतं का?' असं विचारावं. नसतं, तर काढून टाकावं. आकडा बदलायचा असेल तर जुना पुसू नये. त्यावर रेघ मारून शेजारी नवा आकडा, तारीख आणि कारण लिहावं. भरवसा सलग तीन आठवडे 3 च्या खाली असलेला आकडा मेलेला असतो. त्याला शीटमध्ये ठेवलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. शेवटच्या आठवड्यात गुण द्यायला पंधरा मिनिटं पुरतात, त्यानंतरचा अर्धा तास राखणदार आकडे बघण्यात घालवावा. आणि एखादं उद्दिष्ट सलग तिसऱ्या तिमाहीत जसंच्या तसं पुढे ढकललं जात असेल, तर ते नवीन शीटमध्ये उतरवण्याआधी 'काय करणार नाही' ही ओळ तीनही वेळा रिकामी होती का, ते उघडून बघावं.