डमी आमचा माणूस का उचलतो?
स्पॅनियलचे पिल्लू गनडॉगच्या (बंदूकधारी शिकाऱ्याला मदत करणाऱ्या कुत्र्याच्या) शिक्षणासाठी आणणाऱ्या ग्राहकांसाठी

"फी कुत्र्याच्या ट्रेनिंगची घेता आणि डमी तर तुमचाच माणूस धावत जाऊन उचलतो!" पहिल्या महिन्यात हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून येते. दर रविवारी मैदानावर उभ्याउभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून देत आहोत. डमी म्हणजे सरावासाठी पक्ष्याच्या जागी फेकायची कॅनव्हासची गुंडाळी.

आमच्याकडे डमी 10 वेळा फेकली तर 7-8 वेळा ती माणूसच आणतो. पिल्लू बसून बघते. धडा तोच आहे. स्पॅनियलला धावणे, हुंगणे, तोंडात धरणे शिकवावे लागत नाही, ते जन्मतःच येते. शिकवायचे असते ते थांबणे. ही जात गवतातून पक्षी उडवायला तयार झाली. कॉकर स्पॅनियलचे नावच वूडकॉक या पक्ष्यावरून पडले आहे. कुत्र्याने मालकापुढे 15-20 पावलांच्या आत नागमोडी फिरत गवत तपासायचे आणि पक्षी उडाला की जागच्या जागी बसायचे. पाठलाग करणारे कुत्रे थेट बंदुकीच्या रेषेत जाते, म्हणून तो नियम. पडलेली वस्तू आणायला जायचे ते हुकूम मिळाल्यावरच, आणि दात न रुतवता हातात द्यायची.

आपल्याकडे हे सगळे कॅनव्हासच्या डमीवरच चालते, हे आधीच स्पष्ट सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे, त्याचा पाठलाग करणे हेही येते. त्यामुळे "एकदा तितरावर सोडून बघू का?" याला आमचे उत्तर नाही असेच राहील. नागपूरच्या गोरेवाडा जंगलाच्या बाजूला कुत्रा मोकळा सोडू नका.

आता मूळ दुखणे: चेंडू. आठवडाभर आम्ही पिल्लाला थांबायला शिकवतो आणि संध्याकाळी घरची मुले गच्चीवर 40 वेळा चेंडू फेकतात. पिल्लू धावते, सगळे टाळ्या वाजवतात. त्या अर्ध्या तासात पिल्लू दोन गोष्टी शिकते. एक, हात हलला की पळायचे, हुकमाची गरज नाही. पाठलाग हेच त्याचे बक्षीस असते, त्यामुळे तुमच्या हातातले चिकन त्यापुढे फिके पडते. दुसरी गोष्ट उशिरा दिसते. दहाव्या-बाराव्या फेकीला त्याला कंटाळा येतो आणि ते चेंडू घेऊन दिवाणाखाली शिरते. मग मुलगा मागे लागतो, आजी झाडू घेऊन येते, कोणीतरी जबडा उघडून चेंडू ओढून काढते. झाले! वस्तू घेऊन पळाले की सगळे घर आपल्याशी खेळते, आणि माणूस जवळ आला की दात घट्ट आवळायचे, हे पक्के होते. त्यातून तोंड कडक होते. कडक झालेले तोंड पुन्हा मऊ करणे आमच्या कामातले सगळ्यात वेळखाऊ काम आहे, आणि प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. दोन महिन्यांचा कोर्स चार महिन्यांवर जातो तो बहुतेक यामुळेच. आम्ही तो मुद्दाम लांबवत नाही.

चेंडू फेकून द्या असे म्हणत नाही. तो लपवा. पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवून चेंडू कुंडीमागे किंवा पायपुसण्याखाली ठेवा, मग पिल्लाला आत सोडून "शोध" म्हणा. डोळ्यांऐवजी नाक चालते आणि पाच मिनिटांत पिल्लू दमते. मुलांनाही यात जास्त मजा येते. बाहेर लपवताना वारा चेंडूकडून पिल्लाच्या तोंडावर येईल असे बघा. वारा पाठीमागून असेल तर चेंडूचा वास त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणून देण्याचा सराव घरी करायचाच असेल तर फ्लॅटमधला अरुंद पॅसेज उत्तम. सगळी दारे लावा. पिल्लाचे अंथरूण आणि पिल्लू यांच्या मध्ये तुम्ही खाली बसा. गुंडाळलेला मोजा चार-पाच पावलांवर टाका. उचलल्यावर पिल्लू अंथरुणाकडेच निघते, म्हणजे आपोआप तुमच्याकडे येते. आले की मोज्याला हात लावू नका. छाती कुरवाळा, 10 आकडे मोजा, मगच हनुवटीखाली हात धरून "दे" म्हणा. वरून हात आणला की पिल्लू मान खाली घालते आणि वस्तू टाकून देते. दिवसातून 2 वेळा, फार तर 3. आणखी एकदा करावेसे वाटेल तेव्हाच थांबा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा हा सराव पूर्ण बंद. हिरड्या दुखत असताना धरलेली वस्तू नकोशी होते. दोरी ओढाओढीचा खेळ तर कधीच नको.

सहा-सात महिन्यांनंतर खरी डमी. सुरुवातीला अर्ध्या पौंडाची, म्हणजे साधारण 225 ग्रॅमची, कुत्रा पूर्ण वाढल्यावर एक पौंडाची. पिल्लाला समोर बसवा आणि डमी तुमच्या पाठीमागे टाका, म्हणजे उठले तरी वाटेत तुम्ही आहात. 5 आकडे मोजा. बसून राहिले तर शाबासकी द्या आणि डमी स्वतः आणा. तिसऱ्या-चौथ्या वेळी नाव घेऊन सोडा. उठून पळालेच तर ओरडू नका, डमी त्याच्या आधी उचला. ती मिळाली की पळण्याचे बक्षीस मिळाले.

शिट्टीबद्दल. नागपूरच्या घरात आजी "बस" म्हणते, बाबा "बैठ" आणि मुलगी "सिट". पिल्लू तिघांकडे बघत उभेच राहते. म्हणून शिट्टी. एक लांब फुंक म्हणजे बस, दोन छोट्या म्हणजे वळ, चार-पाच भरभर म्हणजे परत ये. परत येण्याची शिट्टी आठव्या आठवड्यापासून, जेवणाचे भांडे खाली ठेवतानाच वाजवा. एकदा वाजवा. आले नाही तर पाच वेळा वाजवू नका, जाऊन घेऊन या. आम्ही अ‍ॅक्मे कंपनीची 210.5 नंबरची शिट्टी वापरतो, आत दाणा नसलेली. या नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो, त्यामुळे एक हरवली तरी दुसरी चालते. शिट्टी, दोन डमी आणि स्लिप लीड (पट्टा आणि दोरी एकत्र असलेला सरकफास) असा संच आमच्याकडे मिळतो. बाहेरून घेतलात तरी हरकत नाही, फक्त शिट्टीवरचा नंबर बघून घ्या आणि प्लास्टिकची आवाज करणारी खेळणी डमी म्हणून आणू नका. ती चावायलाच शिकवतात.

बक्षीस म्हणून उकडलेले चिकन किंवा बिनमिठाचे फुटाणे, बोटाच्या पेराएवढे. तर्री-पोह्यातला घास कितीही प्रेमाने दिला तरी नको, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फोडतो. मनुकेही नकोत.

मार्च ते जूनमध्ये वर्ग सकाळी साडेपाचला असतो आणि साडेसहाला संपतो. यावर तक्रारी येतात, पण वेळ बदलणार नाही. तळहाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर पिल्लाला त्यावरून चालवू नका. पावसाळा संपून गवत वाळू लागले की कुसळांचा त्रास सुरू होतो. स्पॅनियलचे लोंबते, केसाळ कान म्हणजे कुसळांना आयतेच घर. मैदानावरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत हात फिरवा. पिल्लू मान एका बाजूला कलती करून डोके झटकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तेल घालू नका, कुसळ आणखी आत सरकते. गोचिडांसाठीही याच वेळी बघत चला.

आवाजाची सवय आम्ही टिकल्यांच्या पिस्तुलाने लावतो. पिल्लू जेवत असताना 70 पावलांवरून सुरुवात, आणि काही दिवसांत हळूहळू जवळ. घाबरत नाही ना, हे बघायला घरी सुतळी बॉम्ब लावू नका. एका आवाजाने बसलेली भीती कित्येकदा आयुष्यभर जात नाही. दिवाळीच्या आठवड्यात वर्ग बंद असतो, त्या दिवसांची भरपाई पुढच्या आठवड्यात करून दिली जाते.

पहिल्या दिवशी येताना लसीकरणाचे कार्ड, पाण्याची बाटली आणि चार तास उपाशी पिल्लू आणा. घरातल्या मुलांनाही आणा. अर्धा धडा त्यांचाच असतो, आणि त्याची वेगळी फी नाही.