युद्ध संपलं, गोळ्यांचं रेशन संपेना

ब्रिटनमध्ये युद्धकाळात जन्मलेल्यांच्या आठवणींत 5 फेब्रुवारी 1953 हा दिवस हमखास येतो. गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन त्या दिवशी उठलं. युद्ध संपून तोवर पावणेआठ वर्षं झाली होती.

ही टंचाई युद्धाची, असा सर्रास समज असतो. तो अर्धाच खरा. ऑगस्ट 1945 मध्ये अमेरिकेची उधारीवरची मदत थांबली आणि परदेशी मालासाठी डॉलर मोजायची वेळ आली. डॉलर तर नव्हतेच. युद्धात कधी न झालेलं पावाचं रेशनिंग शांततेत, जुलै 1946 मध्ये लागू झालं आणि दोन वर्षं टिकलं.

गोळ्या कुपनावर आल्या त्या जुलै 1942 पासून. खिशात पैसे असून भागत नसे. दुकानदार कुपन घेई आणि मगच बरणी उघडी. 24 एप्रिल 1949 ला सरकारने रेशन उठवून पाहिलं, पण घरची साखर अजून मापातच होती. गोडाला आसुसलेली मोठी माणसंही दुकानांवर तुटून पडली, कारखान्यांना साखर मोजकीच मिळत असल्याने उत्पादन वाढेना, आणि ऑगस्टमध्ये कुपनं परत आली. माप आठवड्याला चार औंस, म्हणजे 113 ग्रॅम. आपल्या अर्धपावाहूनही कमी. चॉकलेट लगेच संपे, म्हणून जपून खाणारी मुलं चघळायच्या कडक गोळ्या घेत. ज्येष्ठमधाची काडी मात्र कुपनाशिवाय मिळे. ती तंतू सुटेपर्यंत चावायची.

अंड्याची पूड हा त्या स्वयंपाकघरातला दुसरा पदार्थ. एक सपाट मोठा चमचा पूड आणि दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडं. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होत. आधी थोड्या पाण्यात लगदा करून मग सैल करायचा. आच जास्त झाली की ऑम्लेट रबरासारखं. पुडीला मिळालेल्या शिव्यांचा मोठा वाटा खरं तर या घाईचा.

शाळेतलं फुकट दूध 1946 पासून सगळ्या मुलांना मिळू लागलं: एक तृतीयांश पाइंट, जेमतेम 190 मिलिलिटर. थंडीत ते गोठून बाटलीचं झाकण वर उचललं जाई. मग बाटल्या शेगडीजवळ ठेवत, आणि कोमट दुधाचा तो वास कित्येकांना जन्मभर नकोसा झाला.

मांसाचं रेशन सर्वांत शेवटी, 4 जुलै 1954 ला उठलं.