‘हेड गेलं’ म्हणण्याआधी : फ्लेक्स आणि विनाइल छापणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी डब्याच्या पिशवीतून छपाई मशीनचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, घेऊन येतं. टिश्यू पेपरात गुंडाळलेलं असतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘‘हेड गेलंय, नवीन दाखवा.’’ आम्ही ते मशीनला लावून बघतो, आणि बऱ्याचदा ते व्यवस्थित चालतं. दोष दुसरीकडेच असतो.

आमच्याकडूनही एकदा चूक झाली आहे. एका ग्राहकाच्या मशीनवर मजेंटा फिका पडत होता. आम्ही टेस्ट प्रिंट (हेडच्या प्रत्येक छिद्राची एकेक रेघ दाखवणारा नमुना) वरवर पाहिली आणि हेड बदलायला सांगितलं. नवं हेड बसलं, दोन मीटर छपाई झाली आणि मजेंटा पुन्हा तसाच फिका पडला. डॅम्परची, म्हणजे हेडच्या आधी शाई गाळून पुरवणाऱ्या छोट्या डबीची, जाळी तुंबली होती. किरकोळ किमतीच्या सुट्या भागासाठी त्या माणसाने हेडचे पैसे मोजले होते. ते पैसे आम्ही परत केले, आणि तेव्हापासून दोन टेस्ट प्रिंट पाहिल्याशिवाय आम्ही कुणालाही हेड विकत नाही. त्या दोन प्रिंट कशा घ्यायच्या आणि कशा वाचायच्या, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

दोन टेस्ट प्रिंट, मध्ये क्लीनिंग नाही

प्रिंटमध्ये लाइनी दिसल्या की ऑपरेटरचा हात आधी क्लीनिंगच्या (पंपाने शाई ओढून छिद्रं साफ करण्याच्या) बटणाकडे जातो. तो थांबवा. आधी आहे त्या अवस्थेत एक टेस्ट प्रिंट घ्या आणि मध्ये काहीही न करता लगेच दुसरी घ्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

डीएक्स-५ या मॉडेलच्या हेडमध्ये एका इंचात १८० छिद्रांची एक ओळ, अशा ८ ओळी, म्हणजे एकूण १४४० नोझल असतात. आय-३२०० या मॉडेलमध्ये ३२००. टेस्ट प्रिंटमधली प्रत्येक बारीक रेघ म्हणजे एक नोझल. कुठल्या रंगाच्या, कितव्या रेघा गेल्या आहेत, त्यांना पेनाने खूण करा. पिवळ्या रेघा पांढऱ्या विनाइलवर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पिवळा नेहमी ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिला जातो. मोबाइलवर एक पूर्ण निळं चित्र उघडा, खोलीतला दिवा बंद करा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरा. पिवळ्या रेघा काळसर दिसतात, तुटलेली रेघ लगेच सापडते.

आता खुणा जुळवा. दोन्ही प्रिंटमध्ये अगदी त्याच जागच्या रेघा गेल्या असतील, तर तिथे शाई सुकून नोझल बंद झालं आहे. मग एक साधं क्लीनिंग करून तिसरी प्रिंट घ्या. दोन-चार रेघा परत आल्या तर काम योग्य दिशेने चाललं आहे, थोडा धीर धरा.

पहिल्या प्रिंटमध्ये इथल्या आणि दुसरीत तिथल्या रेघा गेल्या असतील, म्हणजे जागा बदलत असेल, तर हेड तुंबलेलं नाही. तुंबलेलं छिद्र जागा बदलत नाही. शाईच्या वाटेत कुठेतरी हवा शिरते आहे किंवा शाई पुरेशी पोचत नाही. डॅम्पर, नळीचा सांधा, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी), कॅप (मशीन थांबल्यावर हेड जिच्यावर बसतं ती रबरी वाटी) या क्रमाने बघा.

क्लीनिंग केल्यावर आधीपेक्षा जास्त रेघा गेल्या, तर संशय थेट कॅपवर घ्या. आणि एखादा रंग किंवा अख्खी ओळ एका झटक्यात गायब झाली, किंवा ओळीत ठरावीक अंतराने रेघा गळू लागल्या, तर क्लीनिंग करूच नका. घाण अशी शिस्तीत बसत नाही. तो विजेचा मामला आहे : डेटा केबल, बोर्डवरचा फ्यूज, किंवा खरोखरच हेड. इथे मशीन बंद करून आम्हाला बोलवा.

रेघ गेलेली नाही, पण वाकडी झाली आहे, असंही दिसेल. तिथे नोझलच्या तोंडाशी कचऱ्याचा कण किंवा कापसाचा धागा चिकटलेला असतो. हेडची तळबाजू पुसणाऱ्या वायपरचं रबर बघा. त्याच्या कडेला सुकलेल्या शाईची पापडी असेल, तर तेच रबर दर वेळी हेडवर घाण फासत असतं.

कॅपची परीक्षा

मशीन थांबलं की हेड ज्या रबरी कॅपवर बसतं, ती कॅप हवाबंद असायला हवी. क्लीनिंगच्या वेळी पंप खालून शाई ओढतो. कॅपला बारीकशी फट असली तर तो शाईऐवजी हवाच ओढतो, आणि ऑपरेटर दहा वेळा क्लीनिंग करून अर्धी बाटली शाई वेस्टच्या डब्यात घालवतो.

परीक्षा सोपी आहे. हेड बाजूला घ्या, कॅपमध्ये त्याच शाईचं क्लीनिंग सोल्यूशन काठोकाठ भरा आणि पंप चालवा. सोल्यूशन झरकन खाली गेलं तर पंप आणि नळी ठीक आहेत. तसंच राहिलं तर पंप किंवा त्याची नळी गेली. पंप ठीक असेल तर हेड कॅपवर बसवून क्लीनिंग द्या. वेस्टच्या नळीतून शाई यायला हवी. नुसते बुडबुडे आले तर कॅपचा काठ बघा.

भोसरीहून आलेल्या एका ग्राहकाच्या कॅपच्या काठावर आम्हाला तांदळाच्या कणीएवढी सुकलेली काळी शाई सापडली होती. नखाने निघाली नाही, सोल्यूशनमध्ये भिजवलेल्या फोमच्या काडीने निघाली. तेवढ्यावर त्यांचं ‘गेलेलं’ हेड आजही छापतं आहे.

सुरुवात चांगली, शेवट फिका

पहिला हात चांगला येतो आणि बॅनर अर्धा झाला की एखादा रंग विरत जातो. दहा मिनिटं मशीन थांबवलं की परत चांगला येतो. ही शाईची उपासमार आहे, हेडचा दोष नाही. खात्री करायला एकेका रंगाचा शंभर टक्के भरीव पट्टा पूर्ण रुंदीत एक मीटर छापा आणि संपल्या संपल्या टेस्ट प्रिंट घ्या. डॅम्पर, फिल्टर, कुठे तरी दबलेली नळी किंवा टाकीतली संपत आलेली शाई, यांतलं काहीतरी निघेल.

टेस्ट प्रिंट स्वच्छ, तरी लाइनी

मग हेडला हात लावायचं कारणच नाही. सगळ्या रंगांत सारख्याच आडव्या पट्ट्या असतील तर मीडिया (फ्लेक्स किंवा विनाइल) सरकण्याची स्टेप, म्हणजे एका वेळी सरकण्याचं अंतर, चुकली आहे. पांढरी फट म्हणजे मीडिया जास्त सरकतो, गडद पट्टी म्हणजे कमी. एकाच रंगात पट्टी असेल तर पुन्हा त्या रंगाचे नोझल तपासा. पट्टीतलं अंतर मोजपट्टीने मोजा. एक इंची हेडवर ४ पासला (प्रत्येक जागा चार फेऱ्यांत छापताना) मीडिया एका वेळी ६.३५ मिलिमीटर सरकतो. पट्ट्या तेवढ्याच अंतरावर असतील तर स्टेप दुरुस्त करा. अंतर बरंच मोठं असेल आणि ते रोलरच्या घेराएवढं भरलं, तर रोलरवर काहीतरी चिकटलं आहे. विनाइल बदललं की स्टेप पुन्हा लावावी लागते, हे बरेच जण विसरतात.

अक्षरांना सावली दिसत असेल तर एकदा एकाच दिशेने छापून बघा. सावली गेली तर दोन्ही दिशांचं अलाइनमेंट बिघडलं आहे. कडा धुरकट दिसत असतील आणि आजूबाजूला शाईचा फवारा उडत असेल तर हेडची उंची बघा. हेड मीडियापासून फार वर असलं की थेंब वाटेत भरकटतात.

प्रिंट मध्येच एका बाजूला सरकते, हेड वाहून नेणारी कॅरेज धडकते किंवा उभ्या पट्ट्या येतात, तेव्हा एन्कोडर स्ट्रिप पुसा. ही कॅरेजच्या मागची पारदर्शक पट्टी. तिच्यावरच्या बारीक रेषा वाचूनच मशीनला आपण कुठे आहोत ते कळतं. खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे या तक्रारी येतात. एकदा त्या पट्टीवर कुंकवाच्या अंगठ्याचा अख्खा ठसा होता. पूजा अवश्य करा, आम्हीही आमच्या मशीनची करतो. पण हळदकुंकू बाहेरच्या झाकणाला लावा, अक्षता रेलवर पडू देऊ नका आणि उदबत्ती लांब ठेवा. सॉल्व्हेंट शाई पेट घेते.

हे करू नका

हेडची तळबाजू कापडाने किंवा साध्या टिश्यूने पुसू नका, धागे नोझलमध्ये अडकतात. सिरिंजने जोर लावून फ्लश करू नका. आतला पडदा फाटला की दोन रंग कायमचे एकमेकांत मिसळतात आणि त्यावर इलाज नाही. इको-सॉल्व्हेंट शाईच्या हेडमध्ये पाणी किंवा दुसऱ्या जातीचं सोल्यूशन घालू नका. शाईची कंपनी बदलायची असेल तर आधीची शाई पूर्ण काढा. दोन शाया नळीत मिसळून साकळल्या तर हेडपर्यंत सगळंच बदलावं लागतं.

आणि मशीन चालू असताना डेटा केबल काढू किंवा लावू नका. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. केबलच्या टोकावर शाईचा एक थेंब असला, किंवा केबल तिरकी बसली, तर चालू करताक्षणी हेड आणि बोर्ड दोन्ही जातात. आमच्याकडे खरोखर मेलेली म्हणून येतात, त्यांतली कितीतरी हेडं अशीच मेलेली असतात. अर्थिंग तपासून घ्या.

गणपती, दिवाळी आणि मे महिना

गणपतीच्या आधी मशीन वीस-वीस तास चालतं आणि कॅप-वायपर पुसायला कुणाला सवड नसते. तरीही दर पाळीच्या शेवटी ती पाच मिनिटं काढा. दिवाळीत चार दिवस मशीन पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा, शक्य असेल तर रोज एक टेस्ट प्रिंट काढायला कुणालातरी पाठवा. एप्रिल-मे मध्ये पुण्याची हवा कोरडी होते, नोझलच्या तोंडाशी शाई लवकर सुकते आणि विनाइलवर स्थिर वीज साठून थेंब इकडेतिकडे ओढले जातात. खोलीतला दमटपणा ४० ते ६० टक्के राहील असं बघा आणि पंख्याचा झोत हेडवर येऊ देऊ नका. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघड्यावर अडकतं, म्हणून कॅरेज परत कॅपवर जाईल एवढा तरी यूपीएस ठेवा.

आमच्याकडे येताना

हेड काढून आणू नका, ते मशीनवर कॅपमध्येच राहू दे. त्या दोन टेस्ट प्रिंट आणा, घडी न घालता. क्लीनिंगनंतरची तिसरी आणि भरीव पट्ट्यांचा तुकडाही आणा. फोटो पाठवत असाल तर दिवसाउजेडी, सरळ वरून काढलेला. कागदाच्या मागे एवढं लिहा : मशीन आणि हेड कोणतं, शाई कोणती आणि कधी बदलली, किती पासवर छापता, दोष अचानक आला की हळूहळू वाढला, आणि त्यानंतर किती वेळा क्लीनिंग केलं. हा शेवटचा आकडा खरा लिहा, कमी करून नको. प्रिंट वाचायचे आम्ही पैसे घेत नाही.