कूलंट खराब होणं

गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, तेल, गंज, क्षार नाहीतर इंजिनातला जळालेला गॅस मिसळणं. गावाकडं कूलंटलाही 'पाणी'च म्हणतात, अन् अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो.

कूलंट म्हणजे मुख्यतः पाणी अन् एथिलीन ग्लायकॉल, वरून गंजरोधक. ग्लायकॉल पहिल्यांदा फ्रेंच रसायनज्ञ शार्ल आदोल्फ वुर्त्झनं बनवलं, साल कुठं १८५६ दिसतं तर कुठं १८५९. पण १८५९ ची पद्धत एथिलीन ऑक्साइडला पाणी जोडायची, ती वेगळी, म्हणून पहिल्या तयारीला १८५६ धरलेलं बरं. मोटारीत ते साधारण १९२० च्या दशकाच्या शेवटी रुळलं, त्याआधी थंड देशांत अल्कोहोल टाकायचे, ते तापलं की उडून जायचं. चंद्रपूरच्या मे महिन्यात गोठण्याची चिंता कोणाला नसते, इथं कामाचं हे की निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं अन् टोपणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर.

रंगावर निदान करू नये. हिरवा, गुलाबी, निळा हा कंपनीनं घातलेला डाय आहे. दोन जातीची कूलंट एकत्र झाली तर मात्र कधी कधी जेलीसारखा गाळ धरतो.

तपकिरी पाणी म्हणजे बहुतेक गंज. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की त्यातला क्लोराइड अॅल्युमिनियम खातो, अन् जड पाण्याचा पांढरा थर नळ्यांत बसतो तो वेगळाच. आधी शेवटचं पाणी कुठलं टाकलं ते विचारावं.

खरी गंमत तेलाची. थंड गाडीचं टोपण काढून काडी बुडवली अन् दुधाच्या चहावरच्या सायीसारखं चोपडं लागलं, की मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक अन् त्यावरचं हेड यांमधलं सील) गेलं, हेड खोला. थांबावं. बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजिन ऑईल थंड करायला कूलंटवर चालणारा ऑईल कूलर असतो, चालू इंजिनात तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून कूलर आतून फुटला की तेल पाण्यात जातं. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरमधल्याच कूलरातून गिअरचं तेलही येऊ शकतं. गॅस्केट अन् कूलर यांतला फरक ओळखायला निळ्या द्रवाची टेस्ट आहे: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा पडतो, डिझेलमध्ये हिरवट. रंग बदलला तर गॅस्केट नाहीतर हेडला तडा. नाही बदलला तर गॅस्केट ठीकच आहे असं नाही, पण आधी कूलर पाहणं स्वस्त पडते. ऑईलच्या टोपणाखाली थोडी पांढरी साय दिसली तर तेवढ्यावर जाऊ नये, हिवाळ्यात गाडी नुसती घर ते बाजार फिरली तरी ती धरते.

गरम गाडीचं टोपण उघडू नये. काढलेलं कूलंट आवारात ओतू नये, गोडसर असतं, कुत्री-बकऱ्या पितात अन् किडनी जाते.