साहेब बाहेरून येतो तेव्हा

'ऑनबोर्डिंग', म्हणजे नव्या माणसाला कामात आणि माणसांत रुळवणं, हा शब्द आपल्या ऑफिसांत अलीकडे आला, काम मात्र जुनंच आहे. सरकारी खात्यात कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर जाणारा आणि येणारा, दोघेही अधिकारी सह्या करतात. भारतीय प्रशासन सेवेतला नवा अधिकारी तर आधी जिल्ह्यात फिरून तलाठ्याच्या दप्तरापासून कारभार शिकतो, खुर्ची नंतर मिळते.

खासगी कंपन्यांत वरच्या जागा बहुधा कंपनीतच वाढलेल्या माणसांना मिळत. १९३७ साली युनिलिव्हरमध्ये लागलेले प्रकाश टंडन १९६१ मध्ये हिंदुस्तान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. इथे कोणाचा शब्द चालतो, हे त्यांना वेगळं कोण सांगणार! टाटांनी १९५६ मध्ये टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस काढली, तीही तरुण पोरं घेऊन घडवायलाच.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर तयार माणूस बाहेरून आणायची रीत वाढली. गंमत अशी, की शिकवण्याचा सारा थाट नवख्यांसाठीच राहिला. कॉलेजातून आलेली पोरं इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रात काही महिने राहून शिकतात. मोठ्या साहेबाला मात्र लॅपटॉप, आयकार्ड आणि कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता मिळतो. मीटिंगमधलं कोणाचं 'बघू या' म्हणजे नकार, हे त्या तक्त्यात नसतं.

त्याच इन्फोसिसने २०१४ मध्ये विशाल सिक्का यांना आणलं. संस्थापकांपैकी नसलेले ते पहिले सीईओ. १२ जूनला नाव जाहीर झालं, १ ऑगस्टला सूत्रं हाती आली. मध्ये जेमतेम सात आठवडे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तोवर संस्थापक नारायण मूर्ती आणि संचालक मंडळातला वाद चव्हाट्यावर आला होता.

भरपूर वेळ दिला की जमतंच, असंही नाही. सायरस मिस्त्री २००६ पासून टाटा सन्सच्या, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्य कंपनीच्या, संचालक मंडळावर होते. निवड झाल्यावर वर्षभर ते रतन टाटांच्या सोबत वावरले, डिसेंबर २०१२ मध्ये अध्यक्ष झाले आणि २४ ऑक्टोबर २०१६ला त्यांना दूर केलं गेलं. पुढे टाटांनी निवडले ते एन. चंद्रशेखरन, १९८७ पासून टीसीएस या टाटांच्याच सॉफ्टवेअर कंपनीत मुरलेले.

इन्फोसिसने मात्र पुन्हा बाहेरचाच माणूस घेतला. कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीतून आलेले सलील पारेख २ जानेवारी २०१८ला रुजू झाले आणि २०२२ मध्ये त्यांची मुदत वाढली. ते आले तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत संस्थापकांपैकीच एक, नंदन नीलेकणी, परत येऊन बसलेले होते.